आयटूपी बंद करताना अकरा मिनिटं थांबा

आयटूपी (I2P) म्हणजे ओळख लपवून वापरायचं नेटवर्क. कोल्हापुरात राजारामपुरीतली आमची पोरं त्याचं नाव काढलं की पहिल्यांदा विचारतात, ‘म्हणजे टॉरच की!’ नव्हे. टॉरही ओळख लपवणारंच नेटवर्क, पण टॉर ब्राउझर उघडला म्हणून तुमचा लॅपटॉप दुसऱ्याची वाहतूक अंगावर घेत नाही. आयटूपी, नेहमीच्या सेटिंगवर, घेतं. तुमचा डेटा अनोळखी लोकांच्या संगणकांतून जातो आणि त्यांचा तुमच्यातून. चालू-बंद करायची सगळी रीत यावरूनच ठरते.

सुरू करण्याआधी घड्याळ बघा. शाहूपुरीत घेतलेल्या जुन्या लॅपटॉपांचा आतला सेल बहुतेक वेळा मेलेला असतो आणि तारीख भलतीच दिसते. वेळ एक-दोन मिनिटांनी चुकली तरी हे नेटवर्क तुम्हाला जवळ करत नाही. वेळ आपोआप जुळेल असं सेटिंग करा, मग आयटूपी चालू करा.

ब्राउझरमध्ये १२७.०.०.१:७६५७ टाकलं की कन्सोल, म्हणजे आयटूपीचं नियंत्रणाचं पान, उघडतो. तिथं आधी बँडविड्थ, म्हणजे तुमच्या लाइनचा वेग, भरा. केबलवाला वेग मेगाबिटमध्ये सांगतो, इथं किलोबाइट लागतात. ४० मेगाबिटची लाइन म्हणजे साधारण ५००० किलोबाइट. त्यातला इतरांसाठीचा वाटा मुळात ८० टक्के असतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर तो आधी उतरवा, नाहीतर दुपारपर्यंत दिवसाचा डेटा खलास. ‘फायरवॉल्ड’ (बाहेरून तुमच्याशी थेट जोडता येत नाही) असं दिसलं तर घाबरू नका, तरीही चालतं. फक्त ७६५७ हा पोर्ट, म्हणजे कन्सोलचं दार, बाहेरच्यांना कधीही उघडा करू नका.

फायरफॉक्सचं वेगळं प्रोफाइल करून त्यात एचटीटीपी प्रॉक्सी (ब्राउझरची वाहतूक आयटूपीकडे वळवणारा मधला टप्पा) १२७.०.०.१, पोर्ट ४४४४ द्या. बँकेची कामं त्या प्रोफाइलमध्ये नकोत. पहिल्या दिवशी सगळं रडतखडत उघडतं. नेटवर्कमधल्या इतर संगणकांशी ओळखी वाढल्या की सुधारतं, म्हणून सारखं चालू-बंद करू नका.

आता बंद करणं. गगनबावड्याचा वडापवाला (शेअर जीपवाला) धंदा आवरायचा झाला तरी बसलेल्यांना घाटात उतरवत नाही. नवीन माणूस घेणं थांबवतो आणि आहेत त्यांना पोचवतो. कन्सोलच्या डाव्या बाजूचं ‘शटडाउन’ बटण हेच करतं. अनेक संगणकांतून डेटा ज्या वाटेनं जातो तिला बोगदा म्हणतात. एक बोगदा दहा मिनिटं जगतो, म्हणून आवरायला अकरा मिनिटांपर्यंत लागतात. मधेच विचार बदलला तर रद्द करता येतं. लिनक्सवर ‘आयटूपीराउटर’ या कमांडला ‘ग्रेसफुल’ (i2prouter graceful) सांगा. ‘स्टॉप’ म्हणजे तडकाफडकी. ब्राउझर बंद केला तरी आयटूपी मागं चालूच असतं. आणि झाकण मिटून लॅपटॉप झोपवला, की चालू बोगदे तिथंच तुटले.

तुटल्यानं तुमचं नाव लगेच बाहेर पडत नाही. पण आयटूपीवर स्वतःची साइट चालवत असाल तर जपा. पावसाळ्यात आमच्या गल्लीत लाइट जाते-येते. साइटही त्याच वेळांना जात-येत राहिली, तर नोंद ठेवणाऱ्याला तुमचा भाग हेरता येतो. अशी साइट घरच्या लॅपटॉपवर ठेवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

लाइट गेली, लॅपटॉप बॅटरीवर चालू आहे, पण वायफायचा राउटर मेलाय? मग अकरा मिनिटं थांबून कुणाचंच भलं होत नाही. कन्सोलवरचं ‘तात्काळ बंद’ दाबा आणि बॅटरी वाचवा.