खाऱ्या वाऱ्यात जुनी स्पोर्ट्‌स कार सांभाळताना

वेंगुर्ल्याला समुद्रापासून जेमतेम दीड किलोमीटरवर आमचे घर आहे आणि अंगणात दोन गाड्या उभ्या असतात. एक रोजच्या कामाची, विजेवर चालणारी. दुसरी २००१ साली नोंदणी झालेली सॅन स्टॉर्म. स्टॉर्म ही भारतात बनलेली दोन आसनांची, उघड्या छपराची छोटी गाडी. गोव्यात तयार झालेली ही गाडी विसाव्या शतकाच्या अखेरीस बाजारात आली. तिला ११४९ सीसीचे रेनॉचे पेट्रोल इंजिन आणि पाच गिअर आहेत, आणि पत्र्याऐवजी फायबरग्लासची बॉडी आहे. पुढे जे लिहिले आहे ते या गाडीवरून शिकलेले असले, तरी समुद्रकाठी कोणतीही जुनी स्पोर्ट्‌स कार बाळगणाऱ्याला त्यातील बहुतेक गोष्टी लागू पडतील.

घरात विजेची गाडी आली की जुन्या गाडीला विश्रांती मिळेल आणि तिचे आयुष्य वाढेल, असा माझा समज होता. तो पहिल्याच पावसाळ्यात खोटा ठरला. बाजार, शाळा, बँक ही सर्व कामे नवी गाडी करू लागली आणि स्टॉर्म सात आठवडे जागेवरून हलली नाही. सातव्या आठवड्यात हँडब्रेक जाम झालेला, बॅटरी पूर्ण उतरलेली, आसनांवर पांढरी बुरशी आणि उंदरांनी कुरतडलेली एक वायर, अशी तिची अवस्था होती. चालवून जितकी झीज झाली नसती, तितके नुकसान उभे राहून झाले. म्हणून घरात दुसरी गाडी असेल, तर जुनी गाडी केव्हा चालवायची याचा दिवस आधी ठरवून ठेवावा.

माझा दिवस रविवार सकाळचा आहे. मी सावंतवाडीला जाऊन परत येतो. अंतर कितीही असो, इंजिन ऑईल पुरते तापेल इतकी गाडी चालली पाहिजे. डॅशबोर्डवरील काटा कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, तापमान दाखवतो आणि ऑईल त्याच्या बरेच मागून तापते. त्यामुळे काटा मध्यावर आला म्हणजे काम झाले असे समजू नये. निदान पंचवीस-तीस मिनिटे सलग चालवल्यावर इंजिनात साठलेला पाण्याचा अंश वाफ होऊन निघून जातो. अंगणातच पाच मिनिटे इंजिन सुरू ठेवून बंद करण्याची पद्धत अनेक घरांत आहे. तिने फायदा होत नाही. उलट सायलेन्सरमध्ये आणि ऑईलमध्ये पाणी साठत जाते. पावसाळ्यात रविवारी धो धो पाऊस असला, तर मी उघडीप मिळेल त्या दिवशी बाहेर पडतो, पण पंधरा दिवसांपेक्षा जास्त खाडा होऊ देत नाही. परत आल्यावर हँडब्रेक न लावता गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडी ठोकळा लावावा.

गंज, अर्थिंग आणि फायबर

फायबरची बॉडी गंजत नाही, म्हणून अशा गाडीला खाऱ्या हवेचे भय नाही असे पुष्कळांना वाटते, आणि गाडी विकणाराही तसेच सांगतो. परंतु त्या बॉडीच्या आत लोखंडी सांगाडा, म्हणजे चासी, असतो आणि तोच गाडीचा भार पेलतो. पत्र्याच्या गाडीचा गंज रंगाला फुगवटा येऊन बाहेर तरी दिसतो; फायबरच्या गाडीत तो आतल्या आत वाढतो आणि वरून गाडी चकचकीत राहते. त्यामुळे वर्षातून एकदा गाडी लिफ्टवर चढवून, चांगला उजेड घेऊन, चासीचा प्रत्येक जोड आणि सस्पेन्शनचा प्रत्येक आधार छोट्या हातोडीने ठोकून पाहावा. भरीव आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे निघाले, तर तेथे वेल्डिंगचे काम आले. जुनी गाडी विकत घेतानाही सर्वांत आधी हीच तपासणी करावी, रंग आणि आसने त्यानंतर पाहावीत.

गंजापासून संरक्षणासाठी गाडीखाली डांबरासारखा जाड काळा थर मारण्याची सूचना गॅरेजमध्ये हमखास होते. नव्या गाडीला तो चालतो. जुन्या गाडीला मात्र मी तो मारून घेत नाही, कारण त्याला बारीक तडा गेला की खारा ओलावा थराखाली शिरतो आणि तेथेच अडकून राहतो. त्याऐवजी पोकळ भागांत आणि सांध्यांत मेणाचा किंवा लॅनोलिनचा (लोकरीतील मेणचट पदार्थाचा) फवारा दरवर्षी मारावा. तो मऊ राहतो, सांध्यात झिरपतो, आणि पुढील तपासणीत आतले लोखंड पाहता येते. त्याआधी गाडीची खालची बाजू गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवणे आवश्यक आहे. किनाऱ्यालगतच्या अनेक विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते आणि त्या पाण्याने गाडी धुणे म्हणजे तिला मीठ लावणे होय, म्हणून आधी पाण्याची चव घेऊन पाहावी. वाळूवर गाडी नेण्याचा मोह तर कायमचा सोडावा.

फायबरच्या गाडीचा दुसरा, फारसा न बोलला जाणारा प्रश्न अर्थिंगचा आहे. पत्र्याच्या गाडीत बॉडीतूनच वीज बॅटरीकडे परत जाते. फायबरमधून वीज वाहत नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला आणि मोटरला परतीची स्वतंत्र वायर चासीपर्यंत आणलेली असते. जेथे ती वायर चासीला बोल्टने जोडलेली असते, तेथे खाऱ्या हवेने हिरवट-पांढरा थर धरतो. मग एक इंडिकेटर लावला की दुसराच दिवा मिणमिणतो, पेट्रोलचा काटा थरथरतो, आणि मेस्त्री एकामागून एक भाग बदलत बसतो. माझ्या गाडीचे हेडलाइट मंद झाले तेव्हा एका गॅरेजमध्ये मला बॅटरी चार्ज करणारा आल्टरनेटर बदलायला लावला होता; प्रत्यक्षात पॉलिश पेपरने दोन बोल्ट घासल्यावर दिवे लख्ख झाले. म्हणून विजेची कोणतीही तक्रार आली, तर आधी बॅटरी काढून सर्व अर्थिंगचे बोल्ट उघडावेत, घासावेत, पुन्हा आवळावेत आणि त्यांवर पेट्रोलियम जेली लावावी.

बॉडीच्या दुरुस्तीबाबत मात्र कोकणातला मालक खरोखर भाग्यवान आहे. मोठ्या शहरातील डेन्टिंग-पेंटिंगवाला फायबर पाहून मागे सरतो, कारण त्याची सवय पत्र्याची असते. आपल्याकडे मालवण-वेंगुर्ल्याच्या बंदरावर फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे कुशल कारागीर आहेत, आणि होडीचे काम व गाडीचे काम मुळात एकच आहे: तेच रेझिन, तीच काचधाग्यांची मॅट, रेझिन घट्ट करणारा तोच हार्डनर. तडा गेलेली जागा दोन्ही बाजूंनी उतरती घासायची, आतील बाजूने मॅटचे थर द्यायचे, आणि वरून पुट्टी व रंग. नुसती पुट्टी भरून रंगवलेला तडा काही महिन्यांत पुन्हा उमटतो, म्हणून आतून मॅट दिली की नाही हे स्वतः पाहावे. हार्डनरचे प्रमाण सहसा रेझिनच्या एक ते दोन टक्के असते; तो डोळ्यांत उडाल्यास दृष्टीला गंभीर इजा होऊ शकते, त्यामुळे स्वतः काम करणाऱ्याने चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय बाटली उघडू नये.

हे काम केव्हा द्यायचे यालाही महत्त्व आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि कारागिरांना श्वास घ्यायला फुरसत नसते. शिवाय दमट हवेत रेझिन नीट धरत नाही. नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात जातात, पुढे पाऊसही ओसरतो, आणि दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत हवा कोरडी असते. तेव्हा कारागीरही सवडीने काम करतो.

पेट्रोल

भारतात २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने पंपांवर आले. जुन्या गाडीचे रबरी पाइप, सील आणि पंपातील पडदे या मिश्रणाचा विचार करून बनवलेले नसतात. ते फुगतात, मऊ पडतात किंवा कडक होऊन चिरतात. टाकीपासून इंजिनापर्यंतचे सर्व पाइप एकदाच काढून इथेनॉलला टिकणारे पाइप आणि एफकेएम या इंधनाला टिकणाऱ्या रबराचे सील बसवून घ्यावेत. हा खर्च टाळण्यासारखा नाही. गाडीत पेट्रोलचा वास आला, तर कारण सापडेपर्यंत ती सुरू करू नये. फायबरच्या बॉडीतील रेझिन पेट घेते आणि जोरात जळते, त्यामुळे अग्निशामक नळकांडे हाताशी येईल असे आसनाजवळ बसवावे, डिकीत नव्हे.

इथेनॉल हवेतील पाणी शोषून घेते. आपल्या पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी महिनाभर उभी राहिली, तर पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसू शकते आणि लोखंडी टाकी आतून गंजते. म्हणून पावसाळ्यात टाकी भरलेली असावी आणि ते पेट्रोल दर आठवड्याच्या फेरीत वापरले जावे. पेट्रोलचा फिल्टर दरवर्षी गणपतीनंतर बदलावा.

आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची कामे

घराची शाकारणी आणि लाकूडफाटा भरण्याचे दिवस हेच गाडीच्याही तयारीचे दिवस समजावेत. छपराच्या कापडाची शिवण आणि दारांचे रबर तपासावे. पाणी वाहून जाण्याच्या बारीक भोकांतून पातळ तार घालून त्यांतला पाला आणि लाल माती काढावी. गाडी जांभ्याच्या शेडमध्ये असेल, तर जमिनीतून ओल वर येते. खाली जाड प्लॅस्टिक अंथरून त्यावर लाकडी फळ्या टाकाव्यात. गाडीवर प्लॅस्टिकची ताडपत्री कधीही घालू नये, कारण आत घाम धरतो. सुती किंवा हवा खेळती ठेवणारे आच्छादन वापरावे आणि शेडला दोन्ही बाजूंनी वारा राहू द्यावा. उंदरांसाठी पिंजरा लावावा. विषाने उंदीर मेला आणि तो डॅशबोर्डमागे मेला, तर सगळा डॅशबोर्ड खोलावा लागतो.

बॅटरीचे व्होल्टेज दर आठवड्याला मोजावे. पूर्ण भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२.४ च्या खाली गेली की चार्जरला लावावी. टायरच्या बाजूवरील चार आकडे तो कोणत्या आठवड्यात आणि वर्षी बनला हे सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. थोड्या चालणाऱ्या गाडीच्या टायरची नक्षी शाबूत असते, पण रबर म्हातारे झालेले असते. सहा वर्षांनंतर मी नक्षीकडे पाहत नाही, टायर बदलतो. टायमिंग बेल्टचेही तसेच आहे. किलोमीटर झाले नसले तरी पाच वर्षांनी तो बदलावा.

ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषते. डॉट-४ प्रकारचे नवे ऑईल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते, आणि उतारावर तापून ऑईल उकळले की ब्रेक लागत नाही. इतरत्र दोन वर्षांनी ते बदलतात, पण येथे दरवर्षी पावसाळा संपल्यावर बदलणे मला योग्य वाटते, कारण आपला प्रत्येक लांबचा प्रवास शेवटी आंबोली, फोंडा किंवा करूळसारख्या घाटातून जातो. विजेची गाडी रोज चालवणाऱ्याने येथे विशेष सावध राहावे. त्या गाडीत पाय उचलला की मोटरच वेग कमी करते आणि ती सवय शरीरात भिनते. जुनी गाडी तशी थांबत नाही; उतार सुरू होण्याआधीच तिला दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये घ्यावे लागते. घाटात शिरण्यापूर्वी मोकळ्या रस्त्यावर दोन-तीन वेळा ब्रेक दाबून पाय पुन्हा त्या गाडीशी जुळवून घ्यावा.

कागद, सुटे भाग आणि माणसे

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. अर्ज मुदत संपण्यापूर्वी साठ दिवसांच्या आत करता येतो. मोटारीसाठी हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५००० झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते १०,००० झाले. पर्यावरण कर वेगळा. विमा घेताना पाच वर्षांपुढील गाडीचे मूल्य कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, म्हणून दुरुस्तीची बिले आणि फोटो दाखवून ते वाढवून मागावे. फायबरच्या भागांवर नुकसानभरपाईत तीस टक्के घसारा कापला जातो, हेही लक्षात असू द्यावे.

इंजिन काढून विजेची मोटर बसवावी का, असे मला नेहमी विचारले जाते. त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेने मंजूर केलेले किट आणि नोंदणी पुस्तकात बदल हे दोन्ही लागते. मी तो विचार सोडून दिला. पंचवीस वर्षे खाऱ्या हवेत राहिलेल्या चासीवर बॅटरीचे वजन लादणे मला धोक्याचे वाटते, आणि विजेची गाडी माझ्याकडे आहेच.

सुटे भाग आजच घेऊन ठेवावेत. गाडीच्या नावाने ते मिळत नाहीत. इंजिनावर कोरलेल्या प्रकाराच्या क्रमांकाने शोधावे लागतात. स्टॉर्मचे इंजिन युरोपात रेनॉ ट्विंगोमध्येही होते, त्यामुळे बेल्ट, वॉटर पंप, गॅस्केट असे भाग परदेशातून मागवता येतात. रबरी वस्तू मात्र साठवू नयेत, त्या कपाटातही म्हाताऱ्या होतात.

भागांपेक्षा हात मिळणे कठीण होत चालले आहे. माझ्या मेस्त्रींकडे येणारी नवी मुले विजेच्या दुचाकींचे काम शिकतात, आणि त्यांनी तेच शिकावे हे योग्यही आहे. म्हणून गेल्या वेळी टायमिंग बेल्ट बदलताना मी मेस्त्रींच्या शेजारी बसून सगळे काम मोबाइलवर चित्रित केले, कोणता बोल्ट किती आवळायचा हे वहीत लिहिले, आणि त्यांच्या पुतण्याला प्रत्येक पाना स्वतःच्या हाताने फिरवायला लावला. त्या वहीची एक प्रत गॅरेजमध्ये टांगलेली आहे.