कोरड्या हवेतलं ऑर्किड: आधी मुळं बघा, मग पाणी घाला

घरातलं ऑर्किड म्हणजे बहुतेक वेळा फॅलेनॉप्सिस, म्हणून इथे तेच धरलंय. तळाला भोकं असलेली पारदर्शक कुंडी आणि तिच्यात मातीऐवजी भरायचे झाडाच्या सालीचे तुकडे तुमच्याकडे आहेत असं धरलंय. कुंडीत माती भरली असेल, तर पुढचं वाचण्याआधी ती काढून टाका.

१. जागा : भरपूर उजेड, पण कडक ऊन नको. एसीचा किंवा हीटरचा झोत पानांवर येता कामा नये.

२. पाणी : माझी दोन झाडं इथेच गेली. हवा कोरडी होती, पानं मऊ पडून सुरकुतली, म्हणून मी पाणी वाढवलं. पानं आणखी लोंबली, मी आणखी पाणी घातलं. शेवटी झाड उपसलं, तर मुळं तपकिरी झालेली. चिमटीत धरून ओढलं की वरचं आवरण मोज्यासारखं निघून यायचं आणि हातात नुसती तार उरायची. पानं तहानलेलीच होती, पण पाणी वर पोचवायला मुळंच शिल्लक नव्हती.

म्हणून पानं बघून पाणी घालू नका. ‘आठवड्यातून एकदा’ हा सल्लाही विसरा. कोरड्या हवेत वरची साल खडखडीत वाळते, पण कुंडीच्या पोटात ओल असतेच. कुंडीच्या भिंतीतून आत बघा. मुळं हिरवी असतील तर थांबा; रुपेरी-करडी झाली असतील तर पाणी द्या.

द्यायचं तेही वरून शिंपडून नव्हे. पार वाळलेली साल पाणी धरत नाही, ओतलेलं सगळं भोकांतून निघून जातं. कुंडी काठाच्या जरा खालपर्यंत पाण्यात बुडवून 10-15 मिनिटं ठेवा. बघता बघता मुळं हिरवी होतात. मग कुंडी पूर्ण निथळू द्या, एक थेंबही तळाशी साचलेला नको.

३. हवा : पानांवर फवारा मारायचा सल्ला कोणी सुरू केला कोण जाणे! त्याने हवा दमट राहते ती जेमतेम काही मिनिटं, पण शेंड्याच्या बेचक्यात साचलेलं पाणी रात्रभर राहतं आणि शेंडा कुजतो. फॅलेनॉप्सिसला वाढीचा शेंडा एकच असतो. तो गेला की बहुधा झाडच गेलं.

आर्द्रता 50 ते 70 टक्के हवी. हायग्रोमीटरवर (आर्द्रता मोजायच्या यंत्रावर) ती सतत 40च्या खाली दिसत असेल, तर सरळ ह्युमिडिफायर, म्हणजे हवा दमट करणारं यंत्र लावा, आणि तोही रात्री. हे झाड पानांवरची रंध्रं मुख्यतः रात्री उघडतं आणि त्यांतूनच पानातलं पाणी उडून जातं, त्यामुळे रात्रभर एसी चालणारी खोली त्याला सगळ्यात जाचते. कुंडीखाली ठेवायच्या खडे-पाण्याच्या ताटलीने थोडाच फरक पडतो. ठेवलीच, तर कुंडीचा तळ पाण्याला टेकू देऊ नका.

४. खत : पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव प्रमाणात. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने साल धुऊन क्षार काढा.

कुंडीबाहेर लोंबणारी करडी मुळं कापू नका. ती मेलेली नाहीत. ओल्या बोटाने एकदा पुसून बघा, तेवढा पट्टा हिरवा होईल.