शूटचे दिवस एकाच जागी लिहा: बजेटिंग शिकताना आलेला अनुभव

बी.कॉम. झाल्यावर मी अंधेरीतल्या आरामनगरमधल्या एका प्रॉडक्शन ऑफिसात असिस्टंट म्हणून लागले. डोंबिवलीहून लोकलनं घाटकोपर, तिथून मेट्रोनं वर्सोवा आणि पुढे चालत. पहिल्याच आठवड्यात लाइन प्रोड्यूसर (शूटचा खर्च आणि व्यवस्था सांभाळणारे) सरांनी एका मराठी सिनेमाची स्क्रिप्ट हातात दिली आणि लॅपटॉपवर मूव्ही मॅजिक बजेटिंग हे सिनेमाचं बजेट बनवायचं सॉफ्टवेअर उघडून दिलं. एक्सेल मला चांगलं येत होतं, त्यामुळे हे दोन दिवसांत जमेल असं वाटलं. सर म्हणाले, "स्क्रिप्ट किती वेळा वाचलीस?" मी म्हटलं, एकदा. "अजून दोनदा वाच. तोवर ते बंद ठेव."

त्या स्क्रिप्टमध्ये एक सीन एवढाच होता: रात्र, पाऊस, वरात गल्लीतून पुढे सरकते. स्क्रिप्टचं पान आठ भागांत मोजायची पद्धत आहे, त्यातला हा जेमतेम एक भाग. मी ज्युनियर आर्टिस्ट (गर्दीतली माणसं) आणि बँडवाले लिहिले आणि पानं उलटली. सरांनी मला त्याच ओळीवर परत आणलं आणि वहीत लिहायला लावलं. पावसाचं मशीन. पाण्याचे टँकर. मुख्य कलाकारांच्या कपड्यांचे तीन-तीन जोड, कारण कोरड्यापासून सुरू होणारा टेक दुसऱ्यांदा घ्यायचा तर कपडे पुन्हा कोरडेच हवेत. मोठा जनरेटर. पहाटे पॅकअप झाल्यावर मुलींना घरी सोडायला गाड्या. रस्त्यासाठी पालिकेची आणि ट्रॅफिक पोलिसांची परवानगी. आणि नवरदेवाचा घोडा! घोडा पडद्यावर दिसणार असेल तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाची परवानगी शूटच्या आधी काढावी लागते, तिचे दिवस तयारीत धरावे लागतात. एका ओळीतून वहीचं अख्खं पान भरलं. बजेटचं खरं काम हेच आहे, आणि ते कुठलंही सॉफ्टवेअर तुमच्यासाठी करत नाही.

सॉफ्टवेअरची रचना मात्र समजायला सोपी आहे. सगळ्यात वर टॉपशीट, म्हणजे एका नजरेत दिसणारा गोषवारा. त्याखाली अकाउंट आणि अकाउंटच्या आत डिटेलच्या ओळी. वरच्या भागात कथा, निर्माता, दिग्दर्शक, मुख्य कलाकार. त्याला अबव्ह द लाइन म्हणतात. बाकी युनिट, सेट, कॅमेरा, लाइट, जेवण, गाड्या हे सगळं बिलो द लाइन. डिटेलच्या ओळीत किती, कशाचे (दिवस, आठवडे, नग), किती पट आणि दर असे रकाने असतात. दहा लाइटमन अठ्ठावीस दिवस घ्यायचे तर 28, दिवस, 10 आणि एका दिवसाचा दर. गुणाकार ते करतं.

आता ग्लोबल, म्हणजे नाव देऊन ठेवलेला आकडा. नव्यांनी सगळ्यात आधी हे शिकावं. 'शूट' नावाचा एक ग्लोबल करायचा, त्याची किंमत 28 ठेवायची, आणि जिथे जिथे शूटचे दिवस लागतात तिथे आकडा न लिहिता 'शूट' लिहायचं. तसाच एक तयारीच्या आठवड्यांसाठी, एक युनिटच्या माणसांसाठी. उद्या दिवस बदलले की एका जागी बदल करायचा, सगळं बजेट आपोआप हलतं.

मी ते केलं होतं, पण जेवणाच्या ओळीत घाईत 28 हाताने टाइप केले. पुढे शेड्यूल 32 दिवसांचं झालं. मी ग्लोबल बदलला, टॉपशीटची बेरीज वाढली, निर्मात्यानं त्यावर सही केली. जेवण माणशी 350 रुपये आणि युनिट 110 जणांचं, म्हणजे चार दिवसांचे 1 लाख 54 हजार रुपये त्या बेरजेत आलेच नव्हते. शूटच्या एकोणतिसाव्या दिवशी प्रॉडक्शन मॅनेजरनं फोन करून विचारलं, "कॅटरिंगचं संपलं की काय?" पैसे आर्टच्या, म्हणजे सेटच्या खात्यातून काढावे लागले, आणि ज्या आर्ट डायरेक्टरनं आपला हिशेब चोख ठेवला होता, त्याच्या शेवटच्या सेटला कात्री लागली. सर मला ओरडले नाहीत. पण त्या दिवशी आर्ट डायरेक्टरसमोर उभं राहणं फार जड गेलं.

दुसरी अडचण फ्रिंजची. फ्रिंज म्हणजे मजुरीवर किंवा फीवर टक्क्यानं चढणारा खर्च. इंटरनेटवरून मिळणारी तयार टेम्प्लेट्स बहुतेक अमेरिकन असतात, त्यात तिथले पेरोल टॅक्स आणि तिथल्या युनियनचं पेन्शन आधीच भरलेलं असतं. ते सगळं पुसा. आपल्याकडे प्रश्न येतो जीएसटी आणि टीडीएसचा (पैसे देतानाच कापायचा आयकर). जीएसटी सरसकट सगळ्या ओळींना लावू नका. स्टुडिओ, कॅमेरा, लाइट भाड्यानं देणाऱ्या नोंदणीकृत कंपन्या 18 टक्के लावतील. छोटा टेम्पोवाला नोंदणीकृत नसेल तर लावणार नाही. निर्मात्याच्या कंपनीला त्याचं क्रेडिट मिळणार असेल, म्हणजे भरलेला जीएसटी तिच्या स्वतःच्या जीएसटीतून वळता होणार असेल, तर तो कर शेवटी खर्च ठरत नाही, पण पैसे आधी खिशातून जातात. आणि जेवणाच्या बिलावरचं क्रेडिट सहसा मिळत नाही. हे प्रत्येक कंपनीच्या सीएला विचारूनच भरा.

टीडीएस हा वेगळा खर्च नाही, तो समोरच्याच्या फीमधून कापला जातो. पण एखादा कलाकार म्हणतो, "मला हातात नव्वद हजार हवेत." मी 90,000 वर 10 टक्के चढवून 99,000 लिहिले. त्यातून 10 टक्के कापले की हातात येतात 89,100. बरोबर आकडा 1,00,000: नव्वदला शून्य पूर्णांक नऊनं भागायचं. फरक नऊशेचा, पण ते नऊशे रुपये कलाकाराच्या लक्षात राहतात.

स्वल्पविरामाकडेही लक्ष ठेवा. आमच्या फाइलमध्ये साडेबारा लाख 1,250,000 असे दिसायचे. लाख-कोटीत विचार करणारा डोळा तिथे हमखास फसतो. मी अजूनही मोठा आकडा मोठ्यानं वाचते, 'बारा लाख पन्नास हजार', आणि मगच पुढे जाते.

काँटिंजन्सी, म्हणजे अचानक येणाऱ्या खर्चासाठीची राखीव रक्कम, 10 टक्के ठेवा आणि ती कमी करायचा आग्रह झाला तर जून ते सप्टेंबरमध्ये किती दिवस आउटडोअर आहे ते दाखवा. मराठी सिनेमाला मिळणारं सरकारी अनुदान बजेटमध्ये जमा म्हणून धरू नका. ते सिनेमा पूर्ण झाल्यावर, परीक्षण होऊन मिळायचं असतं.

दर कुठून आणायचे? जुन्या सिनेमांची व्हाउचरं मागा. मी ऑफिसच्या माळ्यावरच्या फायली उतरवून जेनी व्हॅन (जनरेटरची गाडी), व्हॅनिटी (कलाकारांची मेकअपची गाडी), टँकर यांचे दर वहीत घेतले आणि मग एकेकाला फोन लावले. शिफ्ट किती तासांची, पुढे गेली तर दीडपट की दुप्पट, डिझेल कोणाचं, ड्रायव्हरचा भत्ता कोण देणार, हे फोनवरच विचारून घ्या. बजेटमधल्या अकाउंटचे नंबर टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉस्ट सेंटर (खर्चाचे गट) म्हणून तेच ठेवा, आणि प्रत्येक व्हाउचरवर तो नंबर लिहिल्याशिवाय पेटी कॅशमधून (किरकोळ खर्चाच्या रोख रकमेतून) पैसे सोडू नका. नाहीतर शूटच्या मध्यात 'आर्टचे किती उरले' या साध्या प्रश्नाला रात्रभर बसावं लागतं.

सॉफ्टवेअर घरी शिकायला परवडत नसेल तर हेच सगळं एक्सेलमध्ये करून बघा. मुंबईत कित्येक ऑफिसं आजही एक्सेलवरच चालतात. एका सेलला नाव द्यायचं आणि सूत्रात ते नाव वापरायचं, ग्लोबलची सवय तिथेच लागते.

हल्ली बजेट कुणालाही पाठवण्याआधी मी फाइलची एक प्रत काढते आणि त्यात 'शूट' एका दिवसानं वाढवते. मग टॉपशीटवर कुठली खाती हलली नाहीत ते एकेक करून बघते. मागच्या सिनेमात चार हलली नव्हती. कथा-पटकथा, संगीत आणि विमा यांचे ठोक आकडे होते, ते हलायला नकोच होते. चौथं खातं व्हॅनिटीचं होतं.