ऑस्टिओपॅथकडे पहिल्यांदा जाताय? या चुका टाळा

पाठीत उसण भरली की आपल्याकडे सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी पायाळू माणसाची लाथ खायला सांगतं, कुणी गावाकडच्या हाडवैद्याचा पत्ता देतं, कुणी तव्यावर मीठ तापवून शेक घ्यायला लावतं. मुंबईत आता या यादीत ऑस्टिओपॅथचीही भर पडली आहे. ऑफिसातलं कुणीतरी जाऊन आलेलं असतं, ‘एका सिटिंगमध्ये मोकळी झाले’ म्हणतं, आणि आपण नंबर घेऊन अपॉइंटमेंट लावतो. तिथे नेमकं काय होणार, याची कल्पना मात्र बहुतेकांना नसते. पहिली भेट फुकट जाते ती बऱ्याचदा इथेच.

कुणाकडे चाललोय हे न विचारणं

ऑर्थोपेडिक म्हणजे हाडांचे सर्जन. ऑस्टिओपॅथ हाताने उपचार करतो: स्नायू, सांधे, मणका तपासायचा आणि दाबून, ताणून, हलवून मोकळा करायचा. अँड्र्यू टेलर स्टिल या अमेरिकन डॉक्टरने १८७४ मध्ये ही पद्धत मांडली आणि १८९२ मध्ये मिसुरीतल्या कर्क्सव्हिल गावात तिचं पहिलं कॉलेज काढलं. पुढे वाटा फुटल्या. अमेरिकेत डीओ (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) पदवीधर एमडीसारखाच पूर्ण डॉक्टर असतो, औषधं लिहितो, ऑपरेशनही करतो. ब्रिटनमध्ये ऑस्टिओपॅथ मुख्यतः हातानेच उपचार करतात आणि १९९३ च्या कायद्यामुळे त्यांना नोंदणी सक्तीची आहे. म्हणून अमेरिकेतले लेख वाचून इथल्या क्लिनिकमध्ये गोळ्यांची चिठ्ठी मागू नका.

मुंबईत या नावाने काम करणारे बरेचजण मुळात फिजिओथेरपिस्ट असतात आणि नंतर ऑस्टिओपॅथीचं शिक्षण घेतात. तेव्हा फोनवरच मूळ पदवी विचारा. फिजिओथेरपिस्ट असतील तर महाराष्ट्राच्या ऑक्युपेशनल थेरपी-फिजिओथेरपी कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. ऑस्टिओपॅथीचा कोर्स काही वर्षांचा होता की दोन शनिवार-रविवारचा, हेही विचारा. यात संकोच कसला? रिक्षात बसताना मीटर बघतोच की आपण. नीट शिकलेला माणूस या प्रश्नाने चिडत नाही.

हॉस्पिटलचं दुखणं घेऊन तिथे जाणं

ही चूक सगळ्यात महागात पडते. कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, बसण्याची जागा आणि मांड्यांची आतली बाजू बधिर झाली, किंवा पाऊल उचललंच जात नसेल, तर ऑस्टिओपॅथची अपॉइंटमेंट रद्द करा आणि तडक केईएम, सायन किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलची इमर्जन्सी गाठा. मणक्याच्या खालच्या टोकाच्या नसा दाबल्या गेल्याची ती खूण असू शकते. तिथे तासांचा हिशोब असतो.

दुसरं, मणक्याचा टीबी. आपल्याकडे हा विचार मनात ठेवावाच लागतो. संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरतंय, भूक नाही, आणि पाठ आडवं झाल्यावरही ठणकतेय, असं असेल तर आधी फॅमिली डॉक्टर, रक्ततपासणी आणि एक्स-रे. पूर्वी कॅन्सर होऊन गेला असेल किंवा घरातली आजी बाथरूममध्ये पडून पाठ धरून बसली असेल, तरीही तेच. आणि छातीतून डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ ‘खांदा आखडलाय’ म्हणून चोळून घ्यायला कुणी जाऊ नये.

‘ती गोळी हार्टची आहे, पाठीचा काय संबंध?’

पहिली भेट साधारण पाऊण तास ते एक तासाची असते आणि त्यातला मोठा भाग बोलण्यात आणि तपासण्यात जातो. लोकांना हे कंटाळवाणं वाटतं. ‘हात कधी लावणार?’ असा चेहरा करून बसतात आणि प्रश्नांना एका शब्दात उत्तरं देतात.

क्लिनिकमध्ये नेहमी दिसणारं दृश्य सांगते. साठीच्या काकू, सोबत सून. ‘काही गोळ्या चालू आहेत का?’ ‘नाही हो.’ सून हळूच म्हणते, ‘अहो आई, ती सकाळची?’ मग पर्समधून रबरबँड लावलेली प्लॅस्टिकची पिशवी निघते. बीपीची गोळी, कॅल्शियम, आणि स्टेंट टाकल्यापासून चालू असलेली रक्त पातळ करणारी गोळी. ‘अगं, ती हार्टची. पाठीचा काय संबंध?’

संबंध आहे. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर जोरात दाबल्याने काळंनिळं पडण्याचा, आत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेतलं असेल किंवा हाडं ठिसूळ असतील तर झटका देण्याची पद्धत वापरायचीच नसते. आमवातात मानेचे सांधे सैल झालेले असू शकतात. गरोदरपण, अगदी दुसऱ्या महिन्यातलंही, सांगायला हवं. मणक्याचं जुनं ऑपरेशन, आत बसवलेले स्क्रू, पेसमेकर, सगळं सांगा. गोळ्यांची नावं आठवत नसतील तर पाकिटांचे फोटो काढून न्या, नाहीतर पिशवीच घेऊन जा.

उलटी चूकही होते. एमआरआयची भली मोठी फाइल टेबलावर ठेवायची आणि म्हणायचं, ‘सगळं यात आहे.’ नसतं. काहीही दुखत नसलेल्या माणसांच्या मणक्यांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत डिस्क, म्हणजे दोन मणक्यांमधली गादी, फुगलेली आढळली. म्हणजे रिपोर्टमधला ‘बल्ज’ हाच तुमच्या दुखण्याचा गुन्हेगार असेल असं नाही. त्यापेक्षा सकाळी उठताना दुखतं की संध्याकाळी, विरार लोकलमध्ये तासभर उभं राहिल्यावर वाढतं की ऑफिसच्या खुर्चीत, खोकल्यावर पायात कळ जाते का, हे सांगा. तपासणाऱ्याला याचा जास्त उपयोग होतो.

मग उभं करून पाठीचा बाक बघतात, वाकायला लावतात, पाय सरळ ठेवून उचलून बघतात, गुडघ्यावर छोट्या हातोडीने ठोकतात. कंबर दुखत असताना घोटा किंवा बरगड्या का चाचपताहेत, असा प्रश्न पडेल. सगळं शरीर एकत्र बघायचं ही त्यांची रीतच आहे. तरी कारण विचारा.

काडकन आवाजाची हौस

मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून आलेला माणूस लगेच ओळखू येतो. त्याला ‘कडकड’ हवी असते. आवाज आला नाही तर पैसे फुकट गेले असं वाटतं. खरं तर तो आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होण्याशी जोडलेला आहे. हाड जागेवर बसल्याची ती पावती नव्हे, आणि आवाज न होताही बरं वाटू शकतं.

पहिल्या भेटीत बहुधा साधे उपाय असतात: स्नायू मळून सैल करणं, सांधा हळूहळू फिरवणं. एका पद्धतीत तुम्हालाच जोर लावायचा असतो. कुशीवर झोपवतात, पाय धरतात आणि म्हणतात, ‘माझ्या हाताविरुद्ध हळूच ढकला.’ काही सेकंद ढकलायचं, सोडायचं, श्वास बाहेर टाकायचा, आणि त्या ढिलाईत ते पाय थोडा पुढे नेतात. इथे मर्दुमकी दाखवणारे घोळ घालतात. पूर्ण ताकद लावली की स्नायू उलट आखडतो. थोडाच जोर पुरतो.

मानेच्या झटक्याबद्दल माझं मत ठाम आहे: पहिल्याच भेटीत नको. मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना दुर्मीळ आहेत, पण नोंदलेल्या आहेत, आणि मान मोकळी करायला सौम्य पद्धती आहेतच. ‘मानेला झटका देऊ नका’ एवढं सरळ सांगा. काही करण्याआधी काय करणार ते सांगून तुमची संमती घेणं हे त्यांचं काम आहे. टेबलावर आडवं झाल्यावरही ‘थांबा’ म्हणता येतं.

कपडे, जेवण आणि परतीची गाडी

घट्ट जीन्स, कडक बेल्ट, बॉडीकॉन ड्रेस नकोत. सैल ट्रॅक पँट आणि टी-शर्ट बॅगेत टाका. ऑफिसातून साडीत येणार असाल तर बदलायला जागा आहे का ते आधी विचारा. पावसाळ्यात कोरड्या कपड्यांचा जोड हवाच. ओल्या अंगाने एसीत झोपलं की स्नायू सैल व्हायचे राहूनच जातात. पाठ उघडी करावी लागू शकते. बाईंना खोलीत सोबत हवी असेल तर बहीण, नवरा, आई कुणालाही बसवता यायला हवं. कुणी नाही म्हणालं तर दुसरीकडे जा.

स्टेशनबाहेरचे दोन वडापाव खाऊन थेट पालथं झोपू नका. उपाशीही जाऊ नका.

वेळ मात्र विचार करून घ्या. संध्याकाळी साडेसहाची अपॉइंटमेंट, मग दादरचा पूल आणि डोंबिवलीपर्यंत एका पायावर प्रवास, यात मिळालेला आराम कुर्ल्यापर्यंतही टिकत नाही. दुपारची किंवा शनिवारची वेळ मागा, गर्दीच्या उलट दिशेचं क्लिनिक मिळालं तर उत्तमच.

‘काल बरं होतं, आज जास्तच दुखतंय’

हे ऐकून घाबरू नका. पहिले एक-दोन दिवस अंग ठणकणं, थकवा येणं नेहमीचं आहे. शेक घ्या, थोडं चाला, जिम आणि जड पिशव्या टाळा. दोन दिवसांनंतरही वाढतच असेल तर फोन करा. हातापायाला नव्याने मुंग्या किंवा अशक्तपणा आला, चक्कर, दोन-दोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं किंवा कधी न अनुभवलेली डोकेदुखी-मानदुखी सुरू झाली, तर मात्र क्लिनिकच्या फोनची वाट न बघता हॉस्पिटल.

सगळं त्यांच्या हातावर सोडणं हीसुद्धा चूकच. कोणते उपचार वापरावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेची २०१६ ची कंबरदुखीची मार्गदर्शक तत्त्वं हाताचे उपचार चालतील म्हणतात, पण व्यायामाच्या जोडीनेच. तेव्हा निघताना घरचे व्यायाम मागा आणि करा. याच टेबलावर दमा, मुतखडा, लहान बाळाचं पोट दुखणं असं सगळं बरं होतं, असा दावा कुणी केला तर मी चप्पल घालून निघेन.

पॅकेज लगेच घेणं

‘बारा सिटिंग्जचे आत्ताच भरलेत तर सूट देते,’ असं काउंटरवरची मुलगी गोड आवाजात सांगते. बारा सिटिंग्ज लागतील हे पहिल्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. एकेका भेटीचे पैसे द्या. तीन-चार भेटींत झोप, चाल, वाकणं यात काहीच फरक नसेल तर पुढे काय, हे विचारा. त्यावर ‘अजून काही सिटिंग्ज’ एवढंच उत्तर आलं तर ऑर्थोपेडिक किंवा फॅमिली डॉक्टरचं मत घ्या.

फी भागागणिक बदलते, तीही फोनवरच विचारा. साधी मेडिक्लेम पॉलिसी असे ओपीडीचे खर्च सहसा देत नाही. ओपीडी कव्हर घेतलेलं असेल तर ऑस्टिओपॅथी त्यात बसते का, हे कंपनीकडून आधी ईमेलवर लिहून घ्या. तरीही पक्कं बिल मागा, त्यावर तारीख, उपचार करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक असू द्या.