बूट चिखलाने भरलेले असले तरी आत या

गड उतरून आल्यावर पायथ्याच्या गावात कुणाच्या तरी ओसरीवर टेकायचं आणि पिठलं-भाकरी मिळेल का विचारायचं, ही सवय घेऊनच आपल्यातले पुष्कळ जण ब्रिटनमध्ये येतात. इथल्या टेकड्याही चढतात, पावसात चिंब भिजतात. पण गावातल्या पबसमोरून तसेच पुढे जातात आणि गाडीत बसून गार पराठा खातात. मीही पहिली दोन वर्षं हेच केलं. पब म्हणजे दारूचं ठिकाण, आपण पीत नाही, त्यातून एकटी बाईमाणूस, मग आत कशाला जायचं, असं डोक्यात पक्कं बसलेलं. त्या दोन वर्षांची हळहळ मला अजून वाटते, म्हणून नवीन आलेल्यांना सांगते आहे.

पब हे ‘पब्लिक हाउस’चं लहान रूप. चारचौघांसाठी उघडं असलेलं घर. खेड्यातल्या पबात शेगडीत लाकडं जळत असतात, कुत्री पायाशी पसरलेली असतात, कोपऱ्यात एखादे आजोबा शब्दकोडं सोडवत बसलेले असतात. तुम्ही लाइम अँड सोडा मागितलंत तर कुणी वळूनही बघत नाही. चहा-कॉफीही बहुतेक ठिकाणी मिळते.

मी पहिल्यांदा आत गेले तेव्हा टेबलाशी वीस मिनिटं बसून राहिले. कुणी विचारायलाच आलं नाही. आपल्याला मुद्दाम टाळताहेत असं वाटून डोळ्यांत पाणी आलं. खरी गोष्ट एवढीच होती की जुन्या पद्धतीच्या पबात टेबलाशी कुणी येत नाही, आपणच काउंटरवर जायचं. पण ती शंका हवेतून आली नव्हती. 1960च्या दशकात बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकमध्ये काही पब आपल्या रंगाच्या माणसांना उघड उघड नाकारत. वर्णभेदाविरुद्धच्या 1965च्या रेस रिलेशन्स अ‍ॅक्टने ते बेकायदा ठरलं. आज त्याच भागात पंजाबी मालकांचे ‘देसी पब’ आहेत आणि तिथलं मिक्स्ड ग्रिल (भाजलेल्या मांसाचं ताट) खायला लोक लांबून येतात. तेव्हा आत जाताना बिचकू नका. तुमचा तिथे हक्क आहे.

काउंटरवर रांग दिसत नाही, पण असते. कोण आधी आलं हे प्रत्येकाच्या लक्षात असतं. तुम्हाला आधी विचारलं आणि शेजारचा तुमच्या अगोदरचा असेल, तर त्याच्याकडे हात करून सांगा. एवढ्यावरून तुमच्याबद्दल चांगलं मत होतं. ‘ऑल राइट?’ हा तब्येतीचा प्रश्न नाही, नुसता नमस्कार आहे. जेवण सांगायचं तर टेबलाचा नंबर आधी बघून ठेवा. काउंटरवरच्या पेयांना टिप द्यायची पद्धत नाही.

बिअर घेणार असाल तर लांब दांड्याचा हातपंप शोधा. दांडा खाली ओढला की तळघरातल्या पिंपातून एल, म्हणजे इथली पारंपरिक बिअर, वर येते, ग्लासात आधी गढूळ घुसळते आणि हळूहळू तळापासून वर निवळत जाते. ती थंडगार नसते, तशीच प्यायची असते. कुठली घ्यावी कळत नसेल तर चव मागा, घोटभर देतात. पाइंट म्हणजे 568 मिलिलिटर, सुरुवातीला हाफ, म्हणजे अर्धा पाइंट, पुरे. गाडी चालवणाऱ्याने मात्र थेंबही घेऊ नये. स्कॉटलंडमधली मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे, हे ध्यानात ठेवा.

चारपाच जण असाल तर ‘राउंड’ समजून घ्या. एकेकाने आळीपाळीने सगळ्यांचं पेय आणायचं. तुम्ही फक्त ज्यूस घेत असलात तरी तुमची पाळी चुकवू नका. त्यात पडायचं नसेल तर सुरुवातीलाच ‘माझं मी घेते’ म्हणून टाका.

उपाशी राहण्याची वेळ येते ती स्वयंपाकघराच्या वेळांमुळे. दुपारी दोन-अडीचला ते बंद होतं ते बऱ्याच ठिकाणी संध्याकाळीच उघडतं. खेड्यातले काही पब सोमवार-मंगळवार पूर्ण बंद असतात, तेव्हा निघण्याआधी फोन करा. शाकाहारी असाल तर दोन गोष्टी न लाजता विचारा: चिप्स कशात तळतात (उत्तरेत कुठे कुठे गाईची चरबी वापरतात), आणि रविवारच्या रोस्टवरची (भट्टीत भाजलेल्या जेवणावरची) ग्रेव्ही मांसाची आहे का. चीज, लोणचं आणि पावाचं प्लाउमन्स भूक चांगली भागवतं. आपल्या दशम्या मात्र पबात किंवा त्याच्या बाकांवर उघडू नका.

ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा-संस्थेच्या नकाशावर पब ‘पीएच’ या अक्षरांनी दाखवलेला असतो. मी वाट आखताना आधी तीच अक्षरं शोधते. सुरुवात पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातल्या ईडेल गावापासून करा. मँचेस्टर-शेफील्ड मार्गावर स्टेशन आहे, स्वतःची गाडी नसली तरी चालतं. 1965 साली सुरू झालेल्या 268 मैलांच्या ‘पेनाइन वे’ या पायवाटेची सुरुवात तिथल्या ‘ओल्ड नॅग्ज हेड’ पबपासून होते. याच वाटेवर पुढे यॉर्कशरमध्ये ‘टॅन हिल इन’ लागतो, 528 मीटरवरचा, ब्रिटनमधला सर्वात उंच पब. ईडेलवरचा किंडर स्काउट डोंगर अवघा 636 मीटर, कळसूबाईच्या निम्म्याहूनही कमी. पण धुकं उतरलं की तिथल्या पठारावर भले भले वाट चुकतात. होकायंत्र न्याच.

गेल्या वर्षी आई साताऱ्याहून आली होती. डर्बीशरमधल्या एका पबात भिजलेली रेनकोटं खुर्च्यांवर टाकून आम्ही बसलो. शेजारच्या काकांनी आपला कुत्रा बाजूला ओढून आईला शेगडीजवळची जागा दिली आणि स्वतःचा ग्लास भरायला उठताना आमच्यासाठीही चहा सांगितला. आईने किटलीतला चहा संपवला, साडीवरच्या स्वेटरच्या खिशातून पाकीट काढलं आणि मला म्हणाली, “त्यांना विचार काय घेणार. आता आपली पाळी ना?”