ॲपल टूचा क्लोन चालू करताय? या चुका टाळा

जुना क्लोन, म्हणजे ॲपल टू संगणकाची दुसऱ्या कंपनीने काढलेली नक्कल, घरी आला की पहिल्याच तासात त्याचा जीव जातो. चाळीस वर्षं माळ्यावर पडून जो टिकला, तो प्लग लावून "बघू तरी चालतोय का" म्हणणाऱ्या हातून मरतो. त्यामुळे आधी प्लग बाजूला ठेवा आणि मल्टिमीटर घ्या.

ॲपल टू १९७७ साली आला. ६५०२ प्रोसेसर, बाजारात सुट्या मिळणाऱ्या चिप्स, आणि सर्किटचा नकाशा थेट मॅन्युअलमध्ये छापलेला. तैवान आणि हाँगकाँगमध्ये त्याच्या नकला निघाल्या, अमेरिकेत न्यू जर्सीच्या फ्रँकलिन कंपनीने १९८२ मध्ये एस १००० हा क्लोन काढला. बोर्ड पाहिला तर मूळ मशीनच वाटतं, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. ॲपलची माहिती वाचून क्लोनला हात घालणारे लोक, दिसायला सारखं ते आतूनही सारखंच असं धरून चालतात.

उणे ५ व्होल्ट विसरणं

ही चूक इतक्या वेळा होते की तिच्यावर सविस्तर लिहायलाच हवं. नेहमीचा प्रसंग असा. क्लोनचा मूळ पॉवर सप्लाय मेलेला असतो. घरात पीसीचा एक एटीएक्स सप्लाय पडलेला असतो. त्यात ५ आहे, १२ आहे, उणे १२ पण आहे, मग काय, वायरी जोडल्या. पडद्यावर चौकोन आणि अक्षरांचा कचरा उमटतो, बीप येत नाही. दहा मिनिटांनी रॅमच्या चिप्सवर बोट ठेवलं तर चटका बसतो. तोवर २४ पैकी निम्म्या गेलेल्या असतात.

कारण साधं आहे. ४८ केबीच्या बोर्डावर ४११६ या रॅम चिप्स असतात, आठ-आठच्या तीन ओळी. या चिपला तीन व्होल्टेज लागतात: १ नंबरच्या पिनवर उणे ५, ८ नंबरवर १२, ९ नंबरवर ५, आणि १६ नंबर ग्राउंड. उणे ५ नसताना १२ व्होल्ट आले तर चिप आतून तापते आणि जाते. आजच्या एटीएक्स सप्लायमध्ये उणे ५ ची पांढरी वायरच नसते, ती कधीच काढून टाकली आहे.

उपाय: उणे १२ च्या निळ्या वायरवरून ७९०५ रेग्युलेटर (व्होल्टेज उतरवून ठरावीक ठेवणारी चिप) लावून उणे ५ तयार करा. ४११६ ला या लाइनवर करंट नगण्य लागतो, त्यामुळे ७९०५ तापतही नाही. इनपुटला २.२ आणि आउटपुटला १ मायक्रोफॅरडचा टँटलम कपॅसिटर, रेग्युलेटरच्या अगदी जवळ, आणि दोन्हींचं अधिक टोक ग्राउंडकडे, कारण लाइन उणे आहे. ७९०५ च्या पिना अधिक ५ व्होल्टच्या ७८०५ रेग्युलेटरसारख्या नाहीत: पहिली ग्राउंड, मधली इनपुट, तिसरी आउटपुट. त्याची धातूची पट्टीही ग्राउंडला नसून इनपुटला जोडलेली असते. ती केसच्या पत्र्यावर स्क्रूने आवळली की उणे १२ सरळ शॉर्ट होतं. घाई करणारे हमखास इथे अडकतात.

नव्या सप्लायची वायर बोर्डात घालायच्या आधी चारही व्होल्टेज मोजा, आणि रिकाम्या सप्लायवर मोजू नका. स्विचिंग सप्लायला लोड लागतो. ५ व्होल्टच्या लाइनवर ५ ओहम १० वॅट आणि १२ व्होल्टवर २२ ओहम १० वॅटचा रेझिस्टर टांगा, मग आकडे खरे येतात. सप्लाय टिक-टिक आवाज करत असेल तर एकतर लोड नाही, नाहीतर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे.

४१६४ आणि ४११६ एकच समजणं

ही वरच्याच चुकीची सख्खी बहीण. दोन्ही रॅम चिप्स, सोळा पिनांच्या, दिसायला जुळ्या. ४१६४ ला फक्त ५ व्होल्ट लागतात, आणि ते ८ नंबरच्या पिनवर. म्हणजे ४११६ च्या सॉकेटमध्ये ४१६४ खोचली की त्या पिनवर १२ व्होल्ट येतात आणि चिप त्याच क्षणी जाते. ६४ केबी थेट बोर्डावर असलेल्या क्लोनमध्ये बऱ्याचदा आठ ४१६४ असतात, म्हणून "क्लोनला ४१६४ चालतात" असं ऐकून दुसऱ्या क्लोनमध्ये लावू नका. सॉकेट रिकामं करा, सप्लाय चालू करा, पिन ८ वर किती व्होल्ट येतात ते पाहा. दोन मिनिटांचं काम. मल्टिमीटरची काळी पिन लावताना एवढं ध्यानात ठेवा की इथे ग्राउंड १६ नंबरला आहे; इतर बहुतेक चिप्सच्या सवयीने ८ ला टेकवाल तर आकडे उलटे दिसतील.

रॅम गेली आहे अशी शंका असेल तर सगळ्या चिप्स उपटू नका. टेक्स्टचा पडदा पहिल्या १६ केबीमध्ये असतो, म्हणजे पहिल्या ओळीत. पडद्यावर सगळीकडे एकाच पद्धतीने चुकीची अक्षरं दिसत असतील तर त्या ओळीतली एखादी चिप खराब आहे. तिसऱ्या ओळीतली एक चिप उचलून पहिल्या ओळीत एकेका जागी लावून बघा. क्लोनवर ओळींची नावं आणि क्रम मूळ बोर्डासारखा असेलच असं नाही.

डिस्कची केबल एक पिन सरकवून लावणं

फ्लॉपी ड्राइव्हच्या कार्डावर वीस पिनांचा उघडा कनेक्टर असतो. बहुतेक क्लोन कार्डांवर त्याला कडेची भिंतही नसते. कार्ड स्लॉटमध्ये बसवून, मान वाकडी करून, अंधारात केबल दाबली की ती एक घर सरकते. १२ व्होल्ट १३, १५, १७ आणि १९ नंबरवर आहेत. ५ व्होल्ट त्यांना लागूनच, ११ आणि १२ वर. एक घर सरकलं की १२ व्होल्ट ड्राइव्हच्या ५ व्होल्टच्या लाइनमध्ये शिरतात. ओळ चुकली तर तेच १२ व्होल्ट रीड, राइट आणि राइट-प्रोटेक्टच्या सिग्नलवर जातात. ड्राइव्हच्या ॲनालॉग बोर्डावरची ७४एलएस१२५ चिप सगळ्यात आधी जाते. मग ड्राइव्ह फिरतो, दिवा लागतो, पण वाचत काहीच नाही, आणि माणूस फ्लॉपी वाचणारं हेड साफ करत बसतो.

केबल लावलेलं कार्ड आत बसवा. कार्ड आत बसवून केबल लावू नका. टेबलावर, उजेडात, पिना मोजून. १, ३, ५, ७ या पिना ग्राउंड असतात, मल्टिमीटरने १ नंबर शोधून त्यावर नेलपेंटचा ठिपका द्या. केबलच्या टोकावरही तसाच. ७४एलएस१२५ गेलीच असेल तर ती स्वस्त आहे, पण त्या जागी सॉकेट टाकूनच नवी बसवा.

चालू मशीनमध्ये कार्ड घालणं किंवा काढणं याला माफी नाही. स्लॉटच्या एका टोकाला ५ व्होल्ट आणि ग्राउंड समोरासमोर आहेत, दुसऱ्या टोकाला १२ व्होल्ट. कार्ड जरा तिरकं झालं की पुरे.

रॉमची अदलाबदल

मूळ ॲपलच्या रॉम (मशीनचे कायमचे प्रोग्रॅम ठेवणाऱ्या चिप्स) काढून क्लोनमध्ये घालू नका. ॲपलच्या २ केबीच्या मास्क रॉम (कारखान्यातच भरलेल्या) आणि क्लोनमधल्या २७१६ ईप्रॉम (काचेतून अतिनील प्रकाश पडला की पुसल्या जाणाऱ्या) यांच्या सिलेक्टच्या, म्हणजे चिप निवडण्याच्या, पिना वेगळ्या आहेत. ईप्रॉमच्या काचेवरचा कागद सोलून "आत काय आहे" बघायची खाजही आवरा. सगळ्यात आधी प्रत्येक ईप्रॉम वाचून फाइल जपून ठेवा.

एखादा प्रोग्रॅम क्लोनवर लटकतो म्हणून बोर्ड दोषी ठरवू नका. फ्रँकलिनच्या रॉममध्ये ॲपलच्या एका प्रोग्रॅमरचं नाव जसंच्या तसं सापडलं होतं. ३० ऑगस्ट १९८३ रोजी अपील कोर्टाने रॉममधल्या प्रोग्रॅमलाही कॉपीराइट लागू होतो असा निकाल दिला. त्यानंतरच्या क्लोनना स्वतःचा कोड लिहावा लागला. १९८६ चा लेझर १२८ त्यातलाच. मूळ रॉमच्या आतल्या पत्त्यावर थेट उडी मारणारे प्रोग्रॅम अशा मशीनवर पडतात. तिथे सोल्डरिंग गन तापवून उपयोग नाही.

बाकीच्या, थोडक्यात

अमेरिकेतून आलेलं मशीन ११५ व्होल्टचं असतं. २३० मध्ये घालायच्या आधी मागची पट्टी वाचा.

सप्लायमध्ये पिवळसर पारदर्शक, तडे गेलेला कागदी कपॅसिटर दिसला तर चालू न करता बदला, तितक्याच मायक्रोफॅरडचा आणि एक्स२ वर्गाचाच. जुना चालू ठेवलात तर खोलीभर उग्र धूर होईल.

कार्डाच्या सोनेरी कडा खोडरबराने घासू नका, मुलामा निघतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड पुरतं.

पायांवर काळपट थर आलेल्या चिप्स सॉकेटमधून थोड्या उचलून पुन्हा दाबा. क्लोनमधली स्वस्त सॉकेटं हाच निम्मा आजार असतो.

बुरशीचे पांढरे डाग असलेली फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका. हेड खराब होतं आणि मग पुढची चांगली फ्लॉपीही ओरखडते.

ड्राइव्हचा वेग मिनिटाला ३०० फेरे हवा. चाकावर पट्ट्यांची दोन वर्तुळं असतील तर जास्त पट्ट्यांचं ६० हर्ट्झसाठी असतं, कमी पट्ट्यांचं ५० हर्ट्झसाठी. भारतात ५० चं बघा, आणि साध्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली; पट्ट्या स्थिर दिसल्या की वेग बरोबर. एलईडीच्या उजेडात पट्ट्या स्थिर दिसतील याचा भरवसा नाही.

अमेरिकन बोर्डाचं चित्र आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टीव्हीवर काळंपांढरं येतं किंवा वर सरकत राहतं. बोर्ड ठीक असतो. एनटीएससी, म्हणजे अमेरिकन टीव्ही पद्धत, घेणारा मॉनिटर लावा.

आणि मशीन चालू केल्यावर ड्राइव्ह घरघरत राहिला, थांबतच नाही, म्हणून कोणी चिप्स बदलायला घेऊ नये. तो फ्लॉपी शोधतोय. कंट्रोल आणि रिसेट एकत्र दाबा, बेसिकचा चौकोनी कंस समोर येईल.