वावरात बोर्ड डीबग कराले जायच्या आधी ओपनओसीडीची तयारी

वरूड-मोर्शीकडं संत्र्याच्या बगीच्यात मातीची ओल मोजणारे बोर्ड लावून राहिलो आपण, अंबिया बहाराचा ताण तोडायच्या आधी सगळे चालू पाहिजेत, म्हणून ही तयारी नीट वाचा भाऊ. बगीच्यात नेट धरत नाही आन लाईनचा भरोसा नाही, तं ओपनओसीडी (चिपशी बोलून तिच्यातला प्रोग्राम तपासू देणारा, म्हणजे डीबग करू देणारा सर्व्हर) चालवायची कमांड घरूनच पक्की करून न्यायची, तिथं बसून शोधायची नाही.

आधी लॅपटॉपवर ओपनओसीडी आन जीडीबी मल्टीआर्क (ओपनओसीडीले जोडून प्रोग्राम थांबवून तपासायचा डीबगर) दोन्ही टाका, डॅश व्ही मारून व्हर्जन पाहा, जुन्या न नव्या व्हर्जनमधी कमांडांची नावं बदलली आहेत. लिनक्स असंल तं एसटी-लिंकसाठी (लॅपटॉप न बोर्डाच्या मधातलं यूएसबी डोंगल) यूडेव्हचे रूल (साध्या यूजरले यूएसबी वापरू देणारे नियम) बसलेत का तेही पाहा, नाही तं दरवेळी सुडो लावत बसा लागते. सोबत घ्या: फर्मवेअरची (चिपवरच्या प्रोग्रामची) ईएलएफ फाईल, बोर्डाचा नकाशा, जास्तीच्या जंपर वायरी, लॅपटॉप फुल चार्ज. वावरात लॅपटॉप बॅटरीवरच चालवा, मोटारीच्या स्टार्टरच्या लाईनवर चार्जर लावून डीबग करू नका, ग्राउंडमधी गोंधळ येते.

आता कमांड. डॅश एफ म्हणजे कॉन्फिग फाईल, डॅश सी म्हणजे थेट हुकूम, डॅश एस म्हणजे फाईली कोणत्या फोल्डरमधी शोधायच्या. हे जसे लिहिले त्याच क्रमानं चालतात, आन निम्मी भांडणं इथंच असतात. पहिले इंटरफेसची (डोंगलची) एसटीलिंक फाईल, मंग टार्गेटची (बोर्डावरच्या चिपची) एसटीएम३२एफ१एक्स फाईल. ब्लू पिलच्या (याच चिपच्या स्वस्त बोर्डाच्या) नकली चिपा लई फिरतात बाजारात, त्यायचा आयडी १बीए०१४७७ च्या जागी २बीए०१४७७ निघते न ओपनओसीडी नाकारते, तं सीपीयूटॅपआयडीचा (कोणता आयडी मानायचा त्याचा) सेट डॅश सीनं टार्गेट फाईलच्या आधी द्या, नंतर दिला तं काही उपयोग नाही. स्पीडचं उलटं आहे. टार्गेट फाईल स्वतःच १००० किलोहर्ट्झ मागते, एसटी-लिंक ९५० वर बसते, तो मेसेज दिसला तं घाबरू नका. पण वायर लांब असंल तं ॲडॅप्टर स्पीड ४८० किंवा २४० करा, आन हे टार्गेट फाईलच्या नंतर लिहा, नाही तं फाईल त्याच्यावर आपलाच आकडा चढवते.

सगळ्यात महत्त्वाचं मले हे वाटते. आपला बोर्ड बॅटरी वाचवाले बहुतेक वेळ झोपूनच असते, आन चिप स्टॉप किंवा स्टँडबायमधी गेली का डीबग पोर्टही गप होते. टार्गेट फाईल झोपेतही डीबग चालू राहावं म्हणून रजिस्टरमधी बिट लावते खरी, पण त्यासाठी एकदा तं चिप हातात आली पाहिजे ना! म्हणून एसडब्ल्यूडीआयओ (डेटा), एसडब्ल्यूसीएलके (क्लॉक) आन ग्राउंडसोबत रीसेटची चौथी वायर जोडाच, आन टार्गेट फाईलनंतर डॅश सीमधी रीसेट-कॉन्फिग लिहा (एसआरएसटी म्हणजे हीच रीसेटची वायर): एसआरएसटी-ओन्ली, एसआरएसटी-नोगेट, कनेक्ट-असर्ट-एसआरएसटी. म्हणजे रीसेट दाबून धरूनच जोडणी होते, झोपायले वेळच भेटत नाही. ३.३ व्होल्ट मात्र एकाच जागेवरून द्या, डोंगल न बॅटरी दोन्हीकडून नको.

ओपनओसीडीचे पोर्ट लिहून ठेवा, जीडीबी ३३३३, टेलनेट (हातानं हुकूम द्यायले) ४४४४, टीसीएल (स्क्रिप्टसाठी) ६६६६. ३३३३ आधीच कोणी धरून असंल तं जीडीबी-पोर्टनं दुसरा द्या. मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून दुसऱ्याच्या लॅपटॉपनं जोडाचं असंल तरच बाइंडटू ०.०.०.० (नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनले जोडू देणारं) द्या, काम झालं का काढून टाका, कारण इथं पासवर्डच नसते, जोडणारा कोणीही फ्लॅश पुसू शकते.

अडलं तं डॅश डी३, भरपूर मजकूर येते, त्यासोबत डॅश एल देऊन लॉग फाईलीत घ्या, मंग स्क्रीनवर काही येत नाही, सर्व्हर अटकला असं समजू नका.

ही सगळी ओळ एका शेल स्क्रिप्टमधी टाका, प्रत्येक बोर्डाले वेगळी फाईल नको, एकच. निघायच्या आदल्या रात्री वायफाय बंद करून, वावरातलीच वायर लावून, झोपलेल्या बोर्डावर चालवून पाहा: ६ ब्रेकपॉइंट, ४ वॉचपॉइंट असं आलं, खाली ३३३३ वर ऐकतो म्हणाला, आन जीडीबीतून मॉनिटर रीसेट हॉल्ट मारल्यावर चिप थांबली, तं पिशवी भरा.